मेल्यावर डांबर लावणारा नावाडी

सत्तावीस वर्षं मी भाषा शिकवतेय आणि त्यातली शेवटची दहा वर्षं एकच भाषण करतेय. मोबाईलने मुलांच्या वाचनाची कशी वाट लावली, हे ते भाषण. पालकसभेत करते, वर्गात करते, जिन्यात कोणी तावडीत सापडलं तर जिन्यातही करते. शिक्षकांच्या खोलीत त्याला 'बाईंची कॅसेट' म्हणतात. लागली की सगळे आपापला कप उचलून खिडकीशी जातात. मी थांबत नाही. पालथ्या घड्यावर पाणी हे मलाही कळतं, पण ओतायची सवय झाली आहे.

त्यामुळे यंदा संस्थेने 'समाजमाध्यमांचा विद्यार्थ्यांच्या आकलनावर होणारा परिणाम' या विषयावर अहवाल मागवला, तेव्हा मोठ्या बाईंनी तो माझ्याच गळ्यात घातला. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. "तुमचा आवडता विषय," असं म्हणाल्या आणि फाईल माझ्याकडे सरकवली. त्यांच्या आवाजात थट्टा होती की कंटाळा, ते मला आता ओळखू येत नाही. दोघींच्याही निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत.

मी एका दगडात दोन पक्षी मारायचं ठरवलं. आमच्याकडे वर्षाच्या शेवटी आकलनाची चाचणी असतेच. न पाहिलेला एक उतारा, त्याखाली दहा प्रश्न, वीस गुण, पाऊण तास. बारा किंवा जास्त मिळाले की मूल वरच्या वर्गात जातं. बाराच्या खाली आलं की एक वर्ष पायाभरणी वर्गात. तो वर्ग तळमजल्यावर, सायकलींच्या शेडला लागून आहे, आणि तिथे गेलेली निम्मी मुलं पुन्हा वर आलेली मी पाहिलेली नाहीत. या चाचणीलाच मी एक चिठ्ठी जोडली. दिवसाला किती तास मोबाईल बघता, खरं लिहा, कोणी रागावणार नाही.

उतारा मी स्वतः लिहिला. एका नावाड्याचा. पहिल्या परिच्छेदात तो लहान असताना नदी शिकतो. दुसऱ्यात स्वतःची होडी बांधतो, दरवर्षी तिला डांबर लावतो. तिसऱ्यात पूल होणार अशी कुजबुज सुरू होते. चौथ्यात पूल होतो, आणि पहिल्या दिवशी तो पायी पूल ओलांडतो, मधोमध थांबून खाली बघतो. पाचव्यात तो मरतो, आणि गावकरी त्याची होडी काठावर पालथी घालून ठेवतात, मुलांना बसायला. स्वतःचं कौतुक करू नये, पण चौथा परिच्छेद लिहून झाल्यावर माझे डोळे भरून आले होते.

एकशे अठरा मुलं चाचणीला बसली. पेपर मी तीन दिवसांत तपासले, डावीकडे उत्तरांची यादी ठेवून. नावाड्याने होडीला डांबर का लावले? पाणी आत येऊ नये म्हणून, दोन गुण. पूल ओलांडताना तो कुठे थांबला? मधोमध, दोन गुण. शेवटचा प्रश्न मताचा होता, उताऱ्याचा शेवट कसा वाटला. तिथे आमची मुलं दोनच शब्द वापरतात, 'हृदयस्पर्शी' आणि 'आशावादी', आणि दोन्हींना गुण द्यावेच लागतात. लाल पेन भराभर चालत होतं. निकाल बघून मीच चकित झाले. सरासरी साडेपंधरा! चार-चार, पाच-पाच तास मोबाईल बघणारी मुलं, आणि सतरा, अठरा, एकोणीस. माझी कॅसेट अडकायची वेळ आली. एकशे सतरा पास, एक नापास.

ती एक म्हणजे सावकाश. हे तिचं नाव नाही, वर्गाने ठेवलेलं. फळ्यावरचं उतरवून घ्यायला तिला सगळ्यात जास्त वेळ लागतो, डबाही ती सगळ्यात शेवटी संपवते. कोणी हसलं तर आधी क्षणभर विचार करते आणि मग हसते. बाकी मुलगी गुणाची. तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'फोन आईचा आहे. कधीकधी हिशोबाचं बघते.' आणि पेपरात दहापैकी दोनच उत्तरं होती. वीसपैकी चार. शेवटच्या प्रश्नाच्या जागी तिने काहीतरी दोन ओळी लिहिल्या होत्या, त्या मी पाहिल्या न पाहिल्या. पेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने लिहिलं, 'उतारा लक्षपूर्वक वाचावा.'

मोठ्या बाईंना निकाल फार आवडला. मोबाईलचा आकलनावर विशेष परिणाम नाही, उलट आमची मुलं हुशार, असा अहवाल त्यांनी माझ्याकडून दोन दिवसांत करून घेतला आणि संस्थेला पाठवूनही दिला. खाली माझी सही. दहा वर्षं ज्याच्या उलट बोलत आले त्याच्याखाली सही करताना मला वाईट वाटलं नाही, एवढंच सांगते. थकलेल्या माणसाला बरी बातमी चालते.

मग सावकाशची आई आली.

ती कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवते. शिवत नाही, दुरुस्त करते. सैल झालेलं आत घेणं, आखूड झालेलं सोडणं, चेन बदलणं. गळ्यात मापाची टेप तशीच होती, काढायची राहिली असावी. खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "बाई, ती घरी सगळं वाचते. औषधाच्या बाटलीवरचं वाचते, मशिनीच्या खोक्यातलं पुस्तक वाचते. मग हिला चारच कसे?"

अशा आया मला ठाऊक आहेत. आपला तो बाब्या, असा सूर लावतात. मी आवाज मऊ केला, म्हणजे मी चिडले होते. "घरी वाचणं वेगळं, ताई. हे आकलन आहे. थांबा, मी तुम्हाला दाखवतेच तिचं कुठे अडलं ते."

आणि मी प्रश्नपत्रिका काढून मोठ्याने वाचायला लागले. माझं वाचन चांगलं आहे, लोक ऐकतात. पहिला परिच्छेद झाला, नावाडी नदी शिकला. मग पूल आला, तो ओलांडताना मधोमध थांबला. सावकाशची आई मान हलवत होती. मग तो मेला. होडी काठावर पालथी घातली. मी पुढे गेले, "दरवर्षी पाण्याला उतार पडला की तो होडीला डांबर लावत असे," आणि माझी जीभ तिथेच थांबली.

खोलीतला पंखा कुरकुरत होता. मी कागद जवळ धरला, लांब धरला. छापलेल्या उताऱ्यात नावाडी तिसऱ्या परिच्छेदात मरत होता आणि चौथ्यात डांबर लावत होता. पाचव्या परिच्छेदात गावकरी आपसात बोलत होते की आता म्हणे पूल होणार. आणि तिथे उतारा संपत होता.

"हा मेला ना मगाशी?" आई म्हणाली.

"हो."

"मग हा कोण?"

मी सावकाशचा पेपर उलटून शेवटच्या प्रश्नाखालच्या त्या दोन ओळी वाचल्या, या वेळी खरोखर वाचल्या. तिने लिहिलं होतं, 'मेलेला माणूस डांबर कसा लावेल? पूल झालेला असताना पूल होणार असं का म्हणतात? मला उतारा कळला नाही.'

"म्हणजे ती बरोबर होती का, बाई?" आईने विचारलं. आवाजात विजय वगैरे काही नव्हता, तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "मी बघते. दोन दिवस द्या मला." ती गेल्यावर मी तो लाल शेरा बराच वेळ बघत बसले. मला लाज वाटली. इतकी, की कोणी खोलीत यायच्या आत मी पेपर कपाटात टाकला.

लाज वाटली की माणूस आधी दुसऱ्याला शोधतो. मी तरातरा ऑफिसात गेले आणि टायपिस्टवर तोंडसुख घेतलं. हा गृहस्थ वीस वर्षं आमच्या प्रश्नपत्रिका टाईप करतोय, कानात सदा गाणी. त्याने एक कान मोकळा केला, सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "एका पानात बसवा म्हणालात. दोन रकाने केले तेव्हा परिच्छेद इकडचे तिकडे झाले असतील. म्हणून तर कच्ची प्रत पाठवतो तुमच्याकडे." आणि फाईलमधून ती प्रत काढून टेबलावर ठेवली. आमचा नियम आहे, पेपर काढणाऱ्याने कच्च्या प्रतीच्या प्रत्येक पानावर 'वाचले' असं लिहून सही करायची. पानावर माझं टपोरं अक्षर होतं. वाचले. खाली सही, तारीख, वेळ. दुपारी दोन वाजून दहा.

ती दुपार मला आठवली. आठवायला कष्ट पडले नाहीत, कारण माझ्या सगळ्या दुपारी तशाच असतात. डबा झाल्यावर मी गालिचे धुण्याचे व्हिडिओ बघते. एक माणूस चिखलाने काळा झालेला गालिचा पसरतो, फेस करतो, पाणी मारतो, आणि खालून लाल-निळी नक्षी निघते. माझ्या घरी गालिचा नाही. कधी नव्हता. पण एक संपला की दुसरा लागतो आणि मी बघत राहते. त्या दुपारी शिपाई कच्ची प्रत घेऊन आला, तेव्हा अर्धा गालिचा धुऊन झाला होता. मी पानावरून नजर फिरवली. उतारा माझाच, मी त्यातला शब्द न् शब्द जाणते, त्यात वाचायचं काय? पहिली ओळ बरोबर, शेवटी पूर्णविराम आहे, झालं. एक डोळा गालिच्यावर ठेवून सही केली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दहा वर्षं मी नाकाने कांदे सोलत होते.

त्या दिवशी घरी न जाता मी सगळे पेपर पुन्हा काढले. एकशे सतरा मुलांनी मेलेल्या माणसाकडून डांबर लावून घेतलं होतं आणि कोणालाच काही वाटलं नव्हतं. त्यांनी उतारा वाचलाच नव्हता. प्रश्न वाचला, 'डांबर' हा शब्द उचलला, उताऱ्यात डांबर शोधलं, शेजारचं वाक्य उतरवलं. बोटाने सरकवत सरकवत, हवं तिथे थांबायचं. हे त्यांना कोणी शिकवलं ते मला माहीत होतं. पण मला जास्त बोचलं ते दुसरंच. ते पेपर तपासताना मीही तेच केलं होतं. यादीतला शब्द उत्तरात शोधायचा, दिसला की बरोबरची खूण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या बाईंपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं, गालिच्यासकट. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले.

"कोणाच्या लक्षात आलंय?"

"एका मुलीच्या. आणि तिच्या आईच्या."

"बाकी एकशे सतरा पालकांची काही तक्रार?"

"त्यांची कशाला असेल? पास झालीत मुलं."

"मग ऐका. चाचणी रद्द केली तर अहवाल रद्द. अहवाल रद्द तर संस्था विचारणार, कोणी सही केली. तुमची आहे, माझीही आहे. एकशे अठरा मुलांना पुन्हा बसवायचं, सुट्टी तोंडावर आली असताना." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "त्या मुलीवर अन्याय नको. शुक्रवारी तिची एकटीची फेरचाचणी घ्या. नवा उतारा. पण गुण मिळवूनच यायला हवेत हं, नुसते देता येणार नाहीत. बारा पडले की वर."

मी भांडायला हवं होतं. एकशे सतरा मुलांना वाचता येत नाही हे तिथेच ओरडून सांगायला हवं होतं. दहा वर्षं ज्याची वाट बघितली तो पुरावा माझ्या हातात होता, फक्त त्याच्यावर माझंही नाव होतं. मी "बरं" म्हटलं. गुडघे दुखत होते आणि मला बसायचं होतं.

मधल्या सुट्टीत सावकाशला बोलावलं. ती दारात उभी राहिली, आत ये म्हटल्यावर आत आली.

"उतारा चुकीचा छापला होता," मी म्हटलं. "चूक माझी होती. तुझं बरोबर होतं."

तिने थोडा वेळ घेतला. "म्हणजे तो मेला नव्हता?"

"मेला होता, पण सगळ्यात शेवटी. परिच्छेद उलटसुलट झाले होते. तुझ्या लक्षात आलं, तर हात वर का नाही केलास? सांगायचं ना मला, मी वर्गातच होते."

"बाकीची सगळी लिहीत होती, बाई," ती म्हणाली. "मला वाटलं माझंच चुकतंय. म्हणून परत वाचला. मग परत. सहा वेळा वाचला. मग बेल झाली."

सहा वेळा. माझ्या उताऱ्यांना इतक्या वर्षांत असा वाचणारा भेटला नव्हता, आणि भेटला त्याला मी चार गुण दिले होते. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आमच्याकडे तसं करत नाहीत आणि तीही गोंधळली असती.

मी तिला शुक्रवारचं सांगितलं. ती घाबरली. "पाऊण तासच का?" विचारलं. मी हो म्हटलं. ही पुन्हा सहा वेळा वाचेल. एखाद्या शब्दापाशी थांबेल, विचार करत बसेल. बेल होईल आणि ही वर्षभरासाठी सायकलींच्या शेडपाशी जाईल, माझ्या चुकीपायी. ते मला होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, "हे बघ. तू वाचतेस ते चांगलंच आहे. पण परीक्षेत तसं वाचायचं नसतं. आधी प्रश्न वाच. प्रश्नातला मोठा शब्द पकड. तो उताऱ्यात शोध. त्याच्या आजूबाजूचं वाक्य उतरव. पुढच्या प्रश्नाला जा. कळलं?"

"मग उतारा?"

"तो नंतर. वेळ उरला तर."

तिच्याकडून मी तीन दिवस सराव करून घेतला. जुन्या प्रश्नपत्रिका, हातात घड्याळ. पहिल्या दिवशी ती सारखी उताऱ्यात शिरायची, मी पेनाने टेबलावर टकटक करून तिला बाहेर काढायचे. तिसऱ्या दिवशी टकटक करावी लागली नाही.

आणि त्याच तीन दिवसांत घरी मी नवा उतारा लिहिला. फोन पिशवीत ठेवून. एका इस्पितळातल्या स्वयंपाकिणीचा. तिच्या जिभेची चव जाते आणि ती कोणाला सांगत नाही, अंदाजाने मीठ घालते. रुग्ण गप्प राहून जेवतात. एका म्हातारीला ते कळतं, आणि ती रोज ताटाखाली चिठ्ठी ठेवते, आज थोडं जास्त, आज बरोबर. ती म्हातारी घरी जाते त्या दिवशी शेवटच्या चिठ्ठीत काय असतं, ते शेवटच्या ओळीत येतं. ती ओळ मी अकरा वेळा बदलली. इतकी वर्षं मी उतारे काढले ते एकशे अठरा मुलांसाठी, म्हणजे कोणासाठीच नाही. हा मी एका मुलीसाठी लिहिला. टायपिस्टने छापल्यावर शब्दाशब्दावर बोट ठेवून तपासला. शुक्रवारी ती त्या ओळीपाशी येईल तेव्हा मला तिचा चेहरा बघायचा होता.

शुक्रवारी ती आली. आई बाहेर बाकावर बसली. मी समोर बसून, आपण दुसरीकडे बघतोय असं दाखवत तिच्याकडे बघत होते. तिने कागद घेतला आणि थेट खालच्या अर्ध्या भागावर गेली. बोट वर गेलं, थांबलं, खाली आलं. लिहिलं. बोट पुन्हा वर. मान एकदाही वाकडी झाली नाही, ओठ हलले नाहीत. अठरा मिनिटांत तिने कागद माझ्यापुढे ठेवला. मी तिथेच तपासला. वीसपैकी एकोणीस.

"झाली का मी पास?"

"झालीस. एकोणीस."

ती हसली, या वेळी लगेच. मी विचारलं, "ती शेवटची चिठ्ठी कशी वाटली तुला?"

"कसली चिठ्ठी?"

"म्हातारीची. उताऱ्यात आहे ना, ताटाखाली."

तिने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी आणखी एखादा गुण कापते की काय, असं तिला वाटलं असावं. "तो वाचला नाही, बाई," ती घाईघाईने म्हणाली. "तुम्ही म्हणालात ना, तो नंतर. सगळं बरोबर आलंय ना पण?"

"आलंय. अजून पंचवीस मिनिटं आहेत. आता वाच की."

"आता कशाला, बाई?" ती म्हणाली आणि दप्तर खांद्याला लावून आईला सांगायला पळाली. पळताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. ती इतक्या आनंदात होती की मला तिला परत हाक मारवेना.